एजन्सी नको, देखभालीचं काम धरा

प्रश्न : खरबी रोडला माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे. मार्च ते जून कूलरच्या मोटरींमुळे मान वर करायला फुरसत नसते, दिवाळीनंतर मात्र हात रिकामे. एक कंपनी म्हणते, 10 लाख भरून सोलर पॅनलची एजन्सी घ्या, पंतप्रधान सूर्यघर योजनेत माल हातोहात जाईल. घर गहाण ठेवून कर्ज काढू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, घर गहाण ठेवू नका. मी हिंगणा एमआयडीसीत इलेक्ट्रिकल ठेकेदारी करते, पॅनलशी रोजचा संबंध आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पॅनल प्रचंड स्वस्त झालं. भाव उतरला की गोदामातल्या मालाचा तोटा तुमचा, कंपनीचा नाही. शिवाय सूर्यघरची सबसिडी भारतात बनलेल्या सेलच्या, म्हणजे डीसीआर पॅनललाच मिळते. 3 किलोवॅटला 78 हजार रुपये सुटत असताना घरगुती गिऱ्हाईक दुसरा माल कशाला घेईल? तोच दुसरा माल तुमच्या गळ्यात मारला तर काय कराल?

योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. बसवणाऱ्या विक्रेत्यावर 5 वर्षं देखभालीची जबाबदारी आहे. पॅनल मात्र 25 वर्षं चालतं. उरलेली 20 वर्षं बेसा-मानेवाड्याच्या गच्च्यांकडे कोण बघणार? मला धंदा तिथे दिसतो. आणि धुण्याचं काम तर पहिल्या वर्षापासूनच असतं, कारण बहुतेक विक्रेते ते घरमालकावरच सोडतात.

मे महिन्यात गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली : ऊन एवढं, मग युनिट कमी का? पॅनलची क्षमता 25 अंशांवर मोजतात. त्यापुढे दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. आपल्या 45 अंशांच्या दुपारी पॅनल 65 पर्यंत सहज तापतं, म्हणजे 14 टक्के तिथेच गेले. वर धूळ, कोराडी-खापरखेड्याकडे वीज केंद्रांच्या राखेचीही भर. बोअरच्या जड पाण्याने धुतलं की पांढरे डाग बसतात आणि तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. काम पहाटेच करायचं, मऊ पाण्याने. हे सगळं गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगणारा माणूस त्याला वर्षाच्या करारासाठी हवाच असतो. त्याच फेरीत अर्थिंग तपासा, स्ट्रक्चरचे नट आवळा. जूनच्या वादळाआधी हे झालंच पाहिजे.

एक गोष्ट जिवाची आहे. घरातला एमसीबी पाडला म्हणून गच्चीवरची वायर बंद होत नाही. ऊन आहे तोवर पॅनलकडून येणारी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची बाजू जिवंत असते, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी लवकर विझत नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर हात भाजेल, आगही लागेल. तुमचा वायंडिंगचा हात कितीही बसलेला असो, राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचं सूर्यमित्र प्रशिक्षण किंवा त्या तोडीचं काही केल्याशिवाय गच्चीवर चढू नका. माझ्याकडच्या पोरांनाही मी शिकल्याशिवाय चढू देत नाही.

आता तुमच्या मोटरींकडे येते, कारण खरी ताकद तीच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी 10 टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा 5 टक्के. 5 वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे असते. काटोल, कळमेश्वर, सावनेरच्या संत्र्याच्या बागांत पंप बंद पडला तर शेतकरी आठवडाभर थांबू शकत नाही, आणि पुरवठादाराला तालुक्यात कामाचा माणूस हवा असतो. त्यांच्याकडून दुरुस्तीचं काम ठेक्याने घ्या. रब्बीचं ओलित दिवाळीनंतरच जोर धरतं, म्हणजे नेमके तुमचे रिकामे महिने. पंपाचा कंट्रोलर मात्र नव्याने शिकावा लागेल.

डीसी क्लॅम्प मीटर, वायरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर, अर्थ टेस्टर, क्रिम्पिंगचं हत्यार, सेफ्टी बेल्ट, चांगली शिडी, एवढ्यावर सुरुवात होते. बेल्टमध्ये काटकसर नको. यासाठी मुद्रा योजनेतलं किशोर कर्ज पुरतं. 5 लाखांपर्यंत मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. पुढे स्वतः प्लांट बसवायचे झाले तर विद्युत ठेकेदाराचा परवाना लागेल, त्याची कागदपत्रं आतापासूनच जमवायला घ्या.