शब्दचर्चा: फोनला ‘पावणेसहा’ का कळत नाही?

प्रश्न असा आहे: ‘उद्या पावणेसहाचा गजर लाव’ असं फोनला सांगितलं, तर कधी सहाचा गजर लागतो, तर कधी स्क्रीनवर ‘पाहुणे सहा’ उमटतं. ‘पावणे’ हा बोलीतला शब्द आहे का? यंत्राशी बोलताना ‘पाच पंचेचाळीस’च म्हणायला हवं का?

‘पावणे’ हा पूर्णपणे प्रमाण मराठी शब्द आहे. संस्कृत ‘पादोन’, म्हणजे पाद अधिक ऊन, ‘पाव कमी’, यापासून तो आला. ‘एकोणतीस’मध्येही हाच ‘ऊन’ आहे: तिथे तिसाला एक कमी, इथे सहाला पाव कमी. ‘सव्वा’ हा ‘सपाद’चा आणि ‘साडे’ हा ‘सार्ध’चा वंशज. हे दोघे बेरीज करतात, ‘पावणे’ वजाबाकी करतो. ‘दीड’ आणि ‘अडीच’ही मुळात पुढच्या आकड्याकडूनच मोजलेले आहेत: ‘अडीच’ म्हणजे ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. साडेतीनसाठी याच घडणीचा ‘औट’ (अर्धचतुर्थ) हा शब्द जुन्या मराठीत होता, ‘औट हात’ असा. पूर्वी शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत, म्हणजे अपूर्णांकांचे चक्क पाढे होते. हिशेबाचा इतका भार पेलणाऱ्या शब्दांना बोलीतले म्हणून बाजूला सारणं चूक आहे.

आता यंत्राची अडचण. ती दोन टप्प्यांवर येते, आणि कोणत्या टप्प्यावर आली हे स्क्रीनवर उमटलेला मजकूर पाहून कळतं.

मजकूरच चुकला असेल, म्हणजे ‘पाहुणे सहा’ आलं असेल, तर चूक ऐकण्यात आहे. भरभर बोलताना ‘पाहुणे’मधला ‘ह’ गळतो, आणि ग्रामीण बोलीत तर पाहुण्यांना सरळ ‘पावणे’च म्हणतात. दोन शब्द इतके जवळ आले की यंत्र कोणता अधिक वेळा लिहिलेला आढळतो ते पाहतं. इथे आपली लिहिण्याची सवय आड येते. आपण म्हणतो ‘पावणेसहा’, पण पत्रिकेवर, वेळापत्रकात, निरोपात लिहितो 5.45. लिखित मराठीतून शिकलेल्या यंत्रापुढे अक्षरी ‘पावणेसहा’ फार कमी येतं, ‘पाहुणे’ मात्र भरपूर. फोनची भाषा हिंदी ठेवली असेल तर तो ‘पौने’ची वाट पाहत असतो, शिवाय ‘पाच’ आणि ‘अडीच’मधला आपला दंत्य (दातांजवळ उच्चारला जाणारा) च त्याला अनोळखी.

मजकूर बरोबर आणि वेळ चुकीची असेल, तर ऐकणं ठीक झालं आहे, अर्थ लावताना ‘पावणे’ गळालं आहे. उरतं ते ‘सहा’. हा शब्द गळणं सर्वांत महागात पडतं ते यामुळेच. ‘सव्वासहा’तला ‘सव्वा’ किंवा ‘साडेसहा’तला ‘साडे’ गळाला, तर गजर 15 किंवा 30 मिनिटं लवकर वाजेल, फार तर झोपमोड होईल. ‘पावणे’ गळालं तर गजर 15 मिनिटं उशिरा वाजतो आणि गाडी चुकते.

पैशांच्या बाबतीत जास्त जपायला हवं, कारण पाव कशाचा हे पुढच्या एककावर ठरतं. वेळ सांगताना ‘पावणेदोन’ म्हणजे 1.45, कारण तासाचा पाव 15 मिनिटं. ‘पावणेदोनशे’ म्हणजे 175, ‘पावणेदोन हजार’ म्हणजे 1,750, ‘पावणेदोन लाख’ म्हणजे 1,75,000. ‘पावणे’ गळालं तर या शेवटच्या रकमेत 25,000 जास्त लिहिले जातील. म्हणून रक्कम कधीही बोलून पक्की करू नये. उमटलेले आकडे वाचावेत, मगच पुढे जावं. एकट्या ‘पाऊण’चंही तसंच: ‘पाऊण वाजता’ म्हणजे 12.45, ‘पाऊण तास’ म्हणजे 45 मिनिटं, ‘पाऊणशे’ म्हणजे 75.

मग ‘पाच पंचेचाळीस’ म्हणावं का? तातडीच्या कामाला जरूर म्हणावं, पण ती वाटही निर्धोक नाही. ‘पंचेचाळीस’, ‘त्रेचाळीस’, ‘सत्तेचाळीस’ यांचा शेवट एकच, आणि फरक पहिल्या अक्षरांत. गोंगाटात नेमकी तीच अक्षरं दबतात. (बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ हे वाचनही दिलं, तेव्हा मोठा वाद झाला होता. आपली संख्यानामं मुलांनाही अवघड जातात, हे त्या बदलामागचं कारण होतं.) त्यातल्या त्यात ‘पाच वाजून पंचेचाळीस मिनिटांनी’ हे पूर्ण वाक्य बरं. ‘वाजून’ आणि ‘मिनिटांनी’ आले की ही वेळ आहे हे यंत्राला कळतं.

सेटिंगमध्ये भाषा ‘मराठी (भारत)’ करा. ‘सकाळी’ किंवा ‘पहाटे’ जोडा. रात्रीच्या वेळेला तारीखही सांगा, कारण आपण ‘आज रात्री दीडला’ म्हणतो तेव्हा कॅलेंडरवर उद्याची तारीख लागलेली असते. गजर रोजचाच असेल, तर फोनच्या असिस्टंटमधल्या रुटीनला, म्हणजे एका हाकेवर ठरलेलं काम करणाऱ्या सोयीला, ‘पहाटेचा गजर’ असं नाव देऊन त्यात 5.45 एकदाच भरून ठेवा. नावात ‘पावणे’ घालू नका, नाहीतर तिथेही ‘पाहुणे’ हजर होतील.

राहिला लेखनाचा प्रश्न. ‘पावणेसहा’, ‘सव्वासात’, ‘साडेआठ’ हे जोडूनच लिहायचे, आणि प्रत्ययही त्यांनाच लागतो: पावणेसहाला, पावणेसहाच्या, पावणेसहापर्यंत. ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ मात्र मराठीत नाहीत. तिथे ‘दीड’ आणि ‘अडीच’च. निरोप टाइप करताना 5.45 ऐवजी अधूनमधून ‘पावणेसहा’ असं अक्षरांत लिहीत जा. यंत्रं लिहिलेल्या मराठीवरच शिकतात, आणि हा शब्द त्यांना तिथेच भेटायला हवा.