पाठ केलेले इंग्रजी शब्द लिहिताना का सुचत नाहीत?

प्रश्न : मी कृषी पदवीच्या अंतिम वर्षात शिकतो. घरी अहिराणी बोलतात आणि दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. कठीण इंग्रजी शब्दांचे पुस्तक रोज पाठ करतो. परंतु बहुतेक शब्द विसरतात आणि जे राहतात ते लिहिताना सुचत नाहीत. काय करावे?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : आपल्या चिकाटीत उणे काही नाही, पद्धत बदलायला हवी. अर्थासह पाठ केलेला सुटा शब्द समोर आल्यास ओळखता येतो, पण तो कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो हे ठाऊक नसल्यास वापरता येत नाही. ‘डिक्लाइन’ म्हणजे घट, एवढ्याने भागत नाही. कापसाचे भाव एकाएकी घसरले तर ‘शार्प डिक्लाइन इन प्राइसेस’, उत्पादन हळूहळू कमी होत गेले तर ‘ग्रॅज्युअल डिक्लाइन’, आणि निमंत्रण नम्रपणे नाकारायचे असेल तर ‘डिक्लाइन ॲन इन्व्हिटेशन’ असे लिहितात. हे तिन्ही प्रयोग पूर्ण वाक्यांत वहीत उतरवावेत. शेजारी मराठी अर्थ हवा तर लिहावा, पण वाक्य गाळू नये.

शब्दांची निवड दुर्मीळतेवरून करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. न्यूझीलंडच्या भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’मध्ये ५७० शब्दकुळे, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट, आहेत आणि अभ्यासपर लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द त्यांतलेच असतात. ‘ॲनलाइझ’सोबत ‘ॲनॅलिसिस’ आणि ‘ॲनॅलिटिकल’ही शिकावे, म्हणजे एका कुळातले बरेच शब्द हाती येतात.

वाचनासाठी ज्यातले आपल्याला आधीच कळते असाच विषय घ्यावा. केळीवरचा करपा आपण शेतात पाहिलेला असेल, तर ‘सिगाटोका’वरील (करप्याचे इंग्रजी नाव) इंग्रजी लेखातले अनोळखी शब्द पुष्कळदा संदर्भानेच उलगडतील. मात्र शंभरात दोन-तीनच शब्द अनोळखी असतील असा मजकूर निवडावा, नाहीतर सारा वेळ शब्दकोश उघडण्यात जातो.

विसरण्याचे म्हणाल, तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की विस्मरणाचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो. म्हणून नवा शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, अर्थ झाकून आठवून पाहावा. नुसते पुन्हा वाचणे पुरत नाही. याखेरीज दर आठवड्याला आपल्याच पिकांवर अर्धे पान इंग्रजीत लिहून एखाद्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावे, आणि शब्दांची सोबत कोठे चुकली हे त्यांना मुद्दाम विचारावे.