आवृत्ती, साडेतीन आणि जुंपणं

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: "आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारा गट आहे. बहुतेक सगळे ठाण्याचे, एकजण ऐरोलीहून येतो. नवी एडिशन आल्यापासून निम्मे जण जुनीच धरून बसलेत. एडिशनला आवृत्ती म्हणायचं की संस्करण? या भांडणांना इंग्रजीत एडिशन वॉर म्हणतात, त्याला 'आवृत्तीयुद्ध' चालेल का? आणि जुनीच खेळणाऱ्यांना काय म्हणावं? सध्या आम्ही 'म्हातारे' म्हणतो, ते चिडतात."

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. काम फत्ते होतं की फसतं, हा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये तो छापून बाजारात आणला. नियमांची पुस्तकं तेव्हापासून बदलत आली आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आवृत्ती. संस्करण हा हिंदीचा रिवाज आहे, मराठीत तो शब्द वाचताना उगाच कुणीतरी मुंजीचं बोलतंय असं वाटतं. आवृत्तीचा धात्वर्थ पुन्हा फिरून येणं असा आहे हे खरं, अथर्वशीर्षाची 'आवर्तनं' त्याच घरातली. म्हणून काहीजण शंका काढतात की आवृत्ती म्हणजे तेच पुन्हा, आणि इथे तर नियमच पालटलेत. पण वापराने हा शब्द कधीच पुढे गेला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची 'चिकित्सक आवृत्ती' ही काही पुनर्मुद्रण नव्हे, शेकडो पोथ्या ताडून सिद्ध केलेला तो पाठ आहे. वर्तमानपत्राची 'ठाणे आवृत्ती' तर काळाचीही नाही, जागेची आहे. एवढं पोटात घेणाऱ्या शब्दाला फाशांचे नियम जड जाणार नाहीत. तुम्ही बोलताना 'पाचवी एडिशन' असं स्त्रीलिंगी म्हणत असाल, तर तिथेही आवृत्तीच आतून काम करते आहे.

खरी मजा आकड्यांत आहे, आणि ती तुम्ही विचारलेली नाही तरी सांगतो. तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि तिची दुरुस्त पुस्तकं २००३ मध्ये. तिला इंग्रजीत 'थ्री पॉइंट फाइव्ह' म्हणतात. मराठीत ती आपसूक 'साडेतीन' होते, आणि साडेतीन म्हटलं की मराठी कान टवकारतात: साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे. अर्ध्यालाही मान देणारी ही मोजणी आहे. शहाण्यांतला अर्धा म्हणजे नाना फडणवीस, आणि आज बाकीच्या तिघांची नावं पटकन किती जणांना सांगता येतील? या साडेतीन आवृत्तीचंही तसंच झालं. तीन वर्षांत पुन्हा पुस्तकं घ्यायला लावली म्हणून लोक आधी कुरकुरले, आणि २००८ मध्ये चौथी आली तेव्हा हीच साडेतीन सोडायला तयार होईनात.

मग पायझो या प्रकाशकाने साडेतीनच्याच पायावर २००९ मध्ये 'पाथफाइंडर' काढला. मूळ नियम खुल्या परवान्याखाली होते, त्यामुळे तसं करता आलं. चाहत्यांनी त्याचं टोपणनाव ठेवलं 'थ्री पॉइंट सेव्हन फाइव्ह'. आपल्याकडे त्याला आयता शब्द आहे: पावणेचार. चारला पाव कमी. चौथी नको असलेल्यांच्या खेळाला याहून नेमकं नाव इंग्रजीत सापडणार नाही. २०२४ मध्ये पाचवीची सुधारित पुस्तकं यायला लागली, तेव्हा जुन्या पुस्तकांशी मेळ राहील असं सांगत मूळ खेळ काढणाऱ्या कंपनीने 'सहावी' म्हणायचं टाळलं. खेळाडू तिला 'फाइव्ह पॉइंट फाइव्ह' म्हणतात. तुम्ही बेलाशक साडेपाच म्हणा. फक्त क्रमवाचक करायला जाऊ नका. 'साडेपाचवी' कानाला खडा लागल्यासारखं वाटतं, 'आम्ही साडेपाच खेळतो' हे छान.

आता 'आवृत्तीयुद्ध'. व्याकरणाने चूक नाही, पण भाषांतराचा वास येतो. 'आवृत्तीवाद' त्याहून चांगला, कारण आपला वाद दुहेरी आहे. सीमावादात तो तंटा असतो, साम्यवादात तो पंथ असतो, आणि तुमच्या टेबलावर बहुधा दोन्ही असावेत. तरी माझं मत असं, की इथे नाम घडवण्याची गरजच नाही. भांडणासाठी मराठी क्रियापदांवर जगते आणि त्यांना पायऱ्या आहेत. कुरकुर होते, खटके उडतात, बिनसतं, जुंपते, फाटतं. 'जुंपली' म्हणताना काय जुंपली हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. एडिशन वॉर म्हटलं की सगळ्या भांडणांना एकच पट्टी लागते. या पायऱ्या लावल्या तर प्रत्येक आवृत्तीचं स्वागत वेगळं दिसतं.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'मारेकरी' हा पात्रप्रकार गाळला, तेव्हा कुरकुर झाली. तिसरीच्या वेळी खटके उडाले. जुन्या पद्धतीत 'थॅको' नावाचा आकडा असे. तुमचा थॅको १७ आणि समोरच्याच्या चिलखताचा आकडा ३ असेल, तर सतरातून तीन वजा, म्हणजे फाशावर १४ किंवा जास्त पडायला हवेत. चिलखत जितकं भक्कम तितका आकडा लहान, पार उणेपर्यंत. तिसरीने हे उलटं केलं: चिलखताचा आकडा भक्कमपणाबरोबर वाढतो, फाशात आपली बेरीज मिळवा आणि तो गाठा. शिकणाऱ्याला हे केव्हाही सोपं. पण वजाबाकी ज्यांच्या हाडीमाशी खिळली होती त्यांना सोपेपणाचाच राग आला, आणि तो मला समजू शकतो.

२००८ मध्ये मात्र आधी जुंपली आणि मग फाटलं. चौथीत योद्धा असो की जादूगार, प्रत्येकाच्या करामती एकाच साच्यात बसवल्या होत्या: हवी तेव्हा वापरायची, चकमकीत एकदा, दिवसातून एकदा. लढाई नीट तोललेली होती, पण हा कॉम्प्युटर गेम झाला अशी ओरड झाली. पावणेचारवाले वेगळे निघाले ते तेव्हा. २०१२ पासून कंपनीने नव्या नियमांचे मसुदे खेळाडूंकडून खेळवून त्यांची मतं मागवली आणि २०१४ मध्ये पाचवी आणली. त्याला मी दिलजमाई म्हणेन. जानेवारी २०२३ मध्ये तोच खुला परवाना बदलायचा घाट घातला गेला, तेव्हाही जुंपली. ती खेळाडूंची आपसात नव्हती, कंपनीशी होती, आणि त्या महिन्याच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली. त्याला एडिशन वॉर म्हणायचं का? 'कंपनीशी जुंपली' म्हटलं की प्रश्न मिटतो.

पुस्तकाची नवी आवृत्ती आली म्हणून वाचक भांडत नाहीत, कारण जुनी प्रत कपाटात सुखाने राहते. खेळाला मात्र सगळ्यांचं एकमत लागतं. कोकणातल्या आणि इथे ठाण्यात उतरलेल्या काही घरांत टिळक पंचांग पाळतात, त्यांचा गणपती एखाद्या वर्षी शेजाऱ्यांच्या गणपतीपासून महिन्याच्या अंतराने येतो. दोन घरं असतील तर दोनदा मोदक मिळतात. एकाच घरात दोन पंचांगं आली तर काय होईल, ते तुमच्या टेबलावर चाललं आहे.

राहिले तुमचे 'म्हातारे'. चिडणारच ते. 'जुनाट' त्याहून वाईट, 'सनातनी' म्हणाल तर भलतंच राजकारण शिरेल. 'जुनीवाले' बोलण्यात चालून जाईल. पण इंग्रजीत ज्याला 'ओल्ड स्कूल' म्हणतात आणि ज्याच्या नावाने पहिल्या आवृत्तीचे नियम २००६ पासून पुन्हा बांधून काढले जाताहेत, त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: जुन्या वळणाचा. जुन्या वळणाची माणसं, जुन्या वळणाचा खेळ. यात टोमणा नाही, उलट वळण आहे हे मान्य केलेलं आहे. आणि तुमच्या गटातले हटून बसलेले जर २०१४ ची पुस्तकं घेऊन बसले असतील, तर दहा वर्षांत कुणी जुन्या वळणाचा होत नाही. त्यांना नुसतं 'पाचवाले' म्हणा.