आपला सेंट कोण?

चिऊ,

काल झोपताना विचारलंस, "आई, डेव्हिड वेल्सचा, पॅट्रिक आयर्लंडचा, मग आपला सेंट कोण?" मी तोंड उघडेपर्यंत तू घोरायला लागलीस. आज माझी नाइट आहे, म्हणून लिहून ठेवतेय.

एकच नाव सांगायचं तर पंचाईत आहे. डेव्हिडला १ मार्च आहे, डॅफोडिल आहे. आपल्याकडे ज्ञानोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा अशी रांगच आहे, आणि त्यांना आठवायचं ते चालत. आषाढीला पंढरपूर गाठायचं म्हणून आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत निघतात, मागेपुढे लाखो माणसं.

मी तुझ्याएवढी असताना आजोबांनी मला लोणंदच्या पुढे, चांदोबाच्या लिंबाला, रिंगण बघायला नेलं होतं. दोन घोडे धावत आले. एकावर स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी. "याचा माणूस पडला का?" मी विचारलं. आजोबा म्हणाले, "त्यावर माउली बसलेत." घोडे गेले तशी माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली. मलाही लावली, थोडी डोळ्यात गेली. तिथे सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात. पांढऱ्या मिश्यांचे एक बाबा चक्क माझ्या पाया पडले. मी आजोबांच्या धोतराआड लपले.

इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांना वाटलं, ज्यांची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र. मला हे आवडतं, पण कुंपण घालायला गेलं की फसतं. विठोबाला खुद्द ज्ञानोबाच 'कानडा' म्हणतात. आणि नामदेवांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तुझ्या वर्गातल्या त्या सरदार मुलाच्या आजीला विचारून बघ, ती 'भगत नामदेव' म्हणेल.

आता चोखोबा. महार म्हणून त्यांना देवळात घेत नसत. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरला विठोबाच्या देवळाच्या महाद्वारासमोर आहे, बाहेरच. त्यांच्या माणसांना आत जायला १९४७ उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. अभंग मात्र चोखोबांचे सगळे गात होते हं, तेव्हाही. शाळेत सांगशील तर हे गाळू नकोस.

डॅफोडिलची पिन जंपरवरून काढून फ्रिजवर ठेवलीय, नाहीतर मशिनमध्ये गेली असती. डब्यात थालीपीठ आहे.

आई