आपल्या मंडळीचं दान सिनडला का जातं?

तुमचा प्रश्न वाचला. मिनेसोटात आल्यावर घराजवळच्या लूथरन मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, जायला लागलात, जानेवारीच्या वार्षिक सभेत बजेटचा कागद हाती आला, आणि दानातले आठ टक्के 'सिनड'च्या, म्हणजे आसपासच्या मंडळ्यांच्या प्रादेशिक संस्थेच्या, नावावर दिसले. इकडे छप्पर गळतंय, संडे स्कूलच्या खोलीत बादल्या ठेवल्यात, मग पैसे बाहेर का पाठवायचे, असं तुम्ही विचारलंत. मी अशाच एका मंडळीत सहा वर्षं खजिनदार होते. हा प्रश्न दरवर्षी सभेत कोणी ना कोणी विचारायचं, आणि एका वर्षी तो मीच विचारला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही वसुली नाही, हे आधी सांगते. तुमच्याप्रमाणे मीही सी.एन.आय. मध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, वाढले, अहमदनगरला. तिकडे पाळकांची बदली बिशप करतात, त्यामुळे वर जाणारा पैसा म्हणजे वरून आलेला हुकूम असं आपल्या मनात बसलेलं असतं. इथे तसं नाही. तुमची मंडळी ई.एल.सी.ए. मधली, म्हणजे इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन अमेरिकामधली आहे असं धरून चालते. तिथे इमारत मंडळीच्या मालकीची असते. पाळकांना मंडळीच दोन तृतीयांश मतांनी बोलावते आणि त्यांचा पगारही मंडळीच देते. सिनडला किती पाठवायचं तेही त्या वार्षिक सभेतच ठरतं. तुम्ही शून्य लिहिलंत तरी कोणी दाराला कुलूप लावायला येणार नाही. मिझुरी सिनड हे नावात 'सिनड' असलेलं इथलं दुसरं लूथरन चर्च. त्याच्या मंडळ्यांतही पैसे स्वखुशीनेच जातात, फक्त तिथे ते आधी डिस्ट्रिक्ट नावाच्या प्रादेशिक संस्थेकडे जातात.

सभेत हा प्रश्न विचारताना संकोच वाटला असं तुम्ही लिहिलंय. संकोच करू नका. लूथरन मंडळ्यांचा जन्मच या प्रश्नातून झाला. १५१७ साली जर्मनीत पापक्षमेची पत्रं विकली जात होती. अर्धा पैसा रोमला सेंट पीटरच्या बांधकामाला जायचा आणि अर्धा माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांनी फुगर सावकारांकडून घेतलेलं कर्ज फेडायला. याविरुद्ध मार्टिन लूथर या धर्मसुधारकाने ९५ प्रबंध लिहिले. त्यातला ८६ वा प्रबंध हेच विचारतो की पोप एवढे श्रीमंत आहेत, तर गरीब भाविकांच्या पैशांऐवजी ते स्वतःच्या पैशाने हे चर्च का बांधत नाहीत?

पण यावरून 'आपला पैसा आपल्या गावातच ठेवा' असा निष्कर्ष लूथरने काढला नाही. १५२३ साली सॅक्सनीतल्या लाइस्निग गावाने मंडळीचं सगळं उत्पन्न एका सामाईक पेटीत ठेवायचं ठरवलं, नियम लिहिले, आणि लूथरने प्रस्तावना लिहून ते छापवले. नियम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा खजिनदार म्हणून मला इतका आनंद झाला की काय सांगू! पेटीला चार कुलपं. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक गावातल्या नागरिकांकडे, एक आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडे. चौघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. कारभाराला दहा जण, त्यातले तिघे शेतकरी. वर्षातून तीनदा सगळ्यांची सभा आणि हिशोब. पाळकांचा पगार, शाळा, इमारतींची डागडुजी, म्हातारी आणि आजारी माणसं, अनाथ मुलं, दुष्काळासाठी धान्य, सगळं या एका पेटीतून. म्हणजे तुमचं छप्परही त्यातच आलं आणि दारातला गरीबही. दान आपापल्या मर्जीने आपापल्या हाताने वाटण्यापेक्षा सगळ्यांच्या नजरेखाली एकत्र ठेवून वाटावं, हा विचार तिथून चालत आलाय.

त्याच्याही मागे बायबलमधला प्रेषित पौल आहे. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखयातल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन्ही अध्याय त्याच विषयावर आहेत. एकदा बजेटचा कागद शेजारी ठेवून वाचा. मी हुकूम करत नाही, असं तो म्हणतो. तुम्हाला ओझं आणि दुसऱ्यांना आराम असंही नको, समानता हवी, असं म्हणतो. पैसे एकट्याने नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला भाऊ बरोबर घेतो, कोणी बोट दाखवायला नको म्हणून. आणि रोमकरांस पत्रात या वर्गणीसाठी जो ग्रीक शब्द येतो तो 'कोइनोनिया', म्हणजे सहभागिता. प्रभुभोजनाच्या संदर्भातही पौल हाच शब्द वापरतो. हे मला आमच्या पाळकबाईंनी दाखवलं, आणि त्या दिवसापासून दानाची थैली फिरते तेव्हा मी वेगळ्या मनाने त्यात हात घालते.

आता प्रत्यक्ष पैसा कुठे जातो ते. ई.एल.सी.ए. १९८८ च्या १ जानेवारीला तीन लूथरन चर्च-संस्था एकत्र येऊन सुरू झाली. तिचे ६५ सिनड आहेत. मंडळी आपला वाटा सिनडला पाठवते, सिनड त्यातला सुमारे निम्मा ठेवून बाकीचा ई.एल.सी.ए. च्या शिकागोच्या मुख्य कार्यालयाला पाठवते. प्रत्येक सिनडचं प्रमाण वेगळं, तुमच्या सिनडच्या बजेटमध्ये ते मिळेल. त्यातून पाळक घडवणाऱ्या सेमिनऱ्यांना मदत होते, पाळक होऊ पाहणाऱ्यांची पारख होते, नव्या मंडळ्या उभ्या राहतात, कॉलेजांच्या आवारात पाळक काम करतात, परदेशातल्या मंडळ्यांबरोबर काम चालतं. भूक आणि आपत्ती यांच्यासाठीचे निधी वेगळे आहेत. त्या नावाने दिलेले पैसे त्याच कामाला लागतात, ते या आठ टक्क्यांत धरू नका.

ही झाली कागदावरची यादी. मला ती खरी समजली ती एका चुकीमुळे. खजिनदारकीच्या दुसऱ्या वर्षी ऐन जानेवारीत आमच्या चर्चची इमारत गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला. मी स्वतः वार्षिक सभेत ठराव मांडला की सिनडचा वाटा दहावरून चार टक्क्यांवर आणावा. हात वर झाले, ठराव पास. त्याच वर्षी शरद ऋतूत आमचे पाळक दुसऱ्या राज्यात गेले. मंडळी गांगरली. सिनडच्या ऑफिसमधल्या एक बाई तीन तास बर्फातून गाडी चालवत आल्या, चर्चच्या किचनमध्ये आमच्याबरोबर बसल्या, रडणाऱ्यांचं ऐकून घेतलं, भांडणाऱ्यांचंही. पुढच्याच रविवारी उपासनेला कोण उभं राहणार ते ठरवून गेल्या. मग हंगामी पाळक मिळवून दिले आणि कायमच्या जागेसाठी नावं पाठवली. चौदा महिने हे चाललं. ज्यांना आम्ही शेवटी बोलावलं त्यांचं शिक्षण आणि पारख दुसऱ्याच मंडळ्यांच्या दानातून झाली होती. या सगळ्या काळात तुम्ही यंदा किती पाठवलंत, असं आम्हाला एकानेही विचारलं नाही. मला ते फार लागलं. त्यानंतर दरवर्षी एकेक टक्का वाढवत आम्ही पुन्हा दहावर आलो.

आपण तर भारतातली माणसं. पेनसिल्व्हेनियातल्या लूथरन मंडळ्यांची संस्था १७४८ साली सुरू झाली. तिच्याच मंडळ्यांनी पाठवलेले जॉन हायर हे पाळक १८४२ साली गुंटूरला पोहोचले. त्यांनी सुरू केलेल्या कामातून आजचं आंध्र इव्हँजेलिकल लूथरन चर्च उभं आहे. पुढे १८८३ साली डॉ. ॲना कुगलर तिथे गेल्या आणि त्यांनी बायकांसाठी दवाखाना काढला. पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांच्या चर्चची छपरं तेव्हा गळत नसतील का? आमच्या नगरला १८३१ पासून जे अमेरिकन मिशन होतं ते लूथरन नव्हतं, पण रीत तीच होती. माझी पणजी त्या मिशनच्या शाळेत शिकली, कुठल्या तरी लहान मंडळीने आपल्या दानातून बाजूला काढलेल्या पैशांवर. त्या मंडळीचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नाही.

सिनडचा किंवा ई.एल.सी.ए. चा निर्णय पटला नाही म्हणून वाटा अडवायचा, हेही इथे होतं. २००९ साली ई.एल.सी.ए. ने समलिंगी जोडीदाराबरोबर राहणाऱ्यांना पाळक व्हायला मान्यता दिली, त्यानंतर कित्येक मंडळ्यांनी तसं केलं. मतभेद मांडायला सभा आहे. पैसा अडवला की सिनडच्या बिशपच्या आधी कॉलेजातल्या पाळकाची नोकरी जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. हिशोब मात्र जरूर मागा. सिनडचं वार्षिक बजेट आणि ऑडिट रिपोर्ट मागितले तर मिळतात. सिनडच्या सभेत निदान साठ टक्के मतदार पाळक नसलेले साधे सभासद असावे लागतात. तुमच्या मंडळीकडून कोण जातंय ते विचारा, आणि जागा रिकामी असेल तर तुम्हीच नाव द्या. नव्याने आलेल्यांचं नाव कोणी आपण होऊन सुचवत नाही.

राहिलं छप्पर. ई.एल.सी.ए. चा मिशन इन्व्हेस्टमेंट फंड मंडळ्यांना बांधकामासाठी आणि दुरुस्तीसाठी कर्ज देतो. तो पैसा तुमच्या आठ टक्क्यांतून येत नाही, सभासद आणि मंडळ्या तिथे ठेवी ठेवतात त्यातून येतो. दोन ठेकेदारांकडून कोटेशन घ्या, मंडळीच्या कौन्सिलच्या, म्हणजे कार्यकारी समितीच्या, अध्यक्षांना बरोबर घ्या आणि आधी सिनडच्या ऑफिसला फोन करा. अर्ज कसा भरायचा ते तिथली माणसं नीट समजावून सांगतात. आम्हाला फर्नेसच्या वेळी हे माहीत असतं, तर तो ठराव मी मांडलाच नसता.