लग्नाला ६ वर्षं झाली, तरी गुगलवर माझा बायोडेटा दिसतो. तो कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्ञातीच्या मंडळाने वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका पीडीएफ करून वेबसाइटवर टाकली. तुमचं लग्न झालं, तुम्ही म्युनिकला गेलात, पण माहेरचं नाव शोधलं की जन्मवेळ, पत्ता आणि बाबांचा मोबाइल नंबर अजूनही दिसतो. बाबांना स्थळांचे फोनही येतात. युरोपातला ‘विसरलं जाण्याचा हक्क’, म्हणजे आपल्या नावाच्या शोधातून एखादा निकाल गुगलला वगळायला लावण्याचा हक्क, इथे वापरता येईल का?

येईल, पण त्याने तुमचं काम होणार नाही. का, ते पुढे सांगतो. आधी मंडळ, मग गुगल, असा क्रम ठेवा. मी एका ज्ञातिसंस्थेची वेबसाइट फावल्या वेळात सांभाळतो. त्यामुळे अशा विनंत्या ज्याच्याकडे येतात, त्या बाजूला मी बसलेलो असतो.

पहिली गोष्ट, शोधताना नुसत्या नावावर थांबू नका. बाबांचा नंबर अवतरणचिन्हांत टाकून शोधा: सलग दहा आकडे, पाच आकड्यांनंतर जागा सोडून, आणि पुढे ९१ लावून. याला कारण आहे. जुन्या पुस्तिका बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या असतात. आपल्याला मराठी दिसतं, पण आतला मजकूर यंत्राला अगम्य चिन्हांसारखा असतो, म्हणून नावाने काहीच सापडत नाही. इंग्रजी अंकांतला नंबर मात्र सापडू शकतो. नावही देवनागरीत आणि इंग्रजीत, माहेरच्या आडनावाच्या दोन-तीन स्पेलिंगांनी तपासा. जे सापडेल त्याचा पूर्ण वेबपत्ता (यूआरएल) आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आता मंडळ. वकिलाची नोटीस पाठवू नका, निदान आधी तरी नको. नोटीस आली की कार्यकारिणीची बैठक बसते, विषय पुढच्या बैठकीवर जातो, आणि फाइल जागच्या जागी राहते. सचिवांना फोन करा, लगेच व्हॉट्सअॅपवर फाइलचा थेट दुवा आणि पान क्रमांक पाठवा. ‘माझी माहिती काढा’ एवढंच कळवलं तर त्यांना काय करायचं ते समजत नाही. बहुतेक मंडळांत वेबसाइटचा पासवर्ड भलत्याच माणसाकडे असतो; खजिनदारांच्या पुतण्याने कधीतरी साइट करून दिलेली असते आणि तो आता परदेशात असतो. म्हणून ‘वेबसाइट कोण बघतं, त्यांचा नंबर द्या’ हे पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्या.

त्या माणसाला नेमकं काय करायचं तेही तुम्हीच सांगा. पानावरचा दुवा काढला म्हणजे फाइल गेली असं नाही. वर्डप्रेसमध्ये (बऱ्याच साइट याच प्रणालीवर बनवलेल्या असतात) पीडीएफ मीडिया लायब्ररीत राहते आणि तिचा थेट पत्ता चालूच असतो. तिथून ती कायमची डिलीट करावी लागते. पुस्तिका ठेवायचीच असा आग्रह असेल, तर तुमचं पान वगळून नवी पीडीएफ बनवून जुनी काढायला सांगा. नावावर काळी पट्टी ओढून चालत नाही. पट्टीखालचा मजकूर बऱ्याचदा तसाच राहतो आणि कॉपी करून वाचता येतो. आणखी एक: कोणी उत्साहाने रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (शोधयंत्रांनी साइटवर काय उघडू नये हे सांगणारी छोटी फाइल) ती फाइल अडवली, तर तेवढ्याने ती निकालांतून जाईलच असं नाही. गुगलला फाइल पुन्हा उघडून बघता येत नाही, आणि नुसता पत्ता निकालांत राहू शकतो.

फाइल गेल्यावरही गुगलमध्ये काही काळ जुना उतारा दिसतो. त्यासाठी गुगलचं ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ नावाचं साधन आहे. त्याला वेबसाइटची मालकी लागत नाही. पत्ता टाकायचा, पान आता नाही किंवा बदललं आहे असं सांगायचं. वेबसाइटवाल्याकडे सर्च कन्सोल (साइटच्या मालकांसाठीचं गुगलचं साधन) असेल तर तोही निकाल लपवू शकतो, पण ते साधारण सहा महिन्यांपुरतं असतं. तेवढ्यात मूळ फाइल हटली नाही तर सगळं परत दिसू लागतं.

मंडळ फोनच उचलत नसेल तर निकालांतून वैयक्तिक माहिती काढण्याचा अर्ज थेट गुगलकडे करा. पूर्वी बँक खात्याचा नंबर, सरकारी ओळखपत्राचा नंबर, सहीचा फोटो, वैद्यकीय कागद अशा गोष्टींसाठीच हा अर्ज चालायचा. एप्रिल २०२२ पासून फोन नंबर, घरचा पत्ता आणि ईमेलही त्यात आले. म्हणून अर्जात भर द्यायचा तो नंबरावर आणि पत्त्यावर. रास, नक्षत्र, उंची, ‘अपेक्षा’ यांचं गाऱ्हाणं तिथे मांडून उपयोग नाही. नंबर बाबांचा असल्याने अर्ज त्यांच्या नावाने करा, किंवा त्यांच्या वतीने करत आहात हे स्पष्ट लिहा. कोणत्या शोधशब्दांनी निकाल येतो ते विचारतात. मघाची सगळी स्पेलिंगं तिथे कामाला येतील. पुस्तिकेत इतर शेकडो मुलामुलींची माहिती असल्यामुळे गुगल फाइलचा दुवा सगळ्या शोधांतून न काढता फक्त तुमच्या नावाच्या शोधातून तो वगळण्याचीही शक्यता आहे. म्हणूनच म्हणतो, आधी मंडळ: मूळ फाइल असेपर्यंत ती बिंगसारख्या दुसऱ्या शोधयंत्रावर किंवा दुव्याने उघडतच राहते.

माझ्या मते फोन नंबरापेक्षा जास्त काळजी मामांच्या आडनावाची करायला हवी. आपल्याकडे स्थळ बघताना ते सहज छापतात. आईचं माहेरचं आडनाव म्हणजे बँका आणि ईमेल सेवा ओळख पटवायला विचारत आल्या तो प्रश्न, आणि शेजारीच जन्मतारीख. असं उत्तर कुठे वापरलं असेल तर आजच बदला.

आता युरोप. मारिओ कोस्तेजा गोन्झालेस या स्पॅनिश गृहस्थांच्या मालमत्तेच्या लिलावाची नोटीस १९९८ मध्ये एका वर्तमानपत्रात आली होती. सामाजिक सुरक्षेची थकबाकी वसूल करायची होती. नाव शोधलं की ती दिसायची. १३ मे २०१४ ला युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वर्तमानपत्राचं पान जागेवर राहिलं, नावाच्या शोधातून ते वगळायची जबाबदारी मात्र गुगलवर आली. पुढे २४ सप्टेंबर २०१९ ला त्याच न्यायालयाने सांगितलं की हे वगळणं जगभर करण्याचं बंधन युरोपीय कायद्यात नाही. म्हणजे तुम्ही म्युनिकमधून अर्ज केलात तर निकाल युरोपातल्या शोधातून जाईल. पण ‘अमक्यांची मुलगी’ म्हणून तुमचं नाव शोधणारे बसलेत पुण्यात आणि नाशकात. त्यांना तो दिसतच राहील. तरी हा अर्ज फुकट आहे आणि तुमच्या जर्मन कंपनीतल्या सहकाऱ्यांना तुमचं गोत्र कळायचं कारण नाही, म्हणून जरूर करा.

भारतातला कायदा अजून बाळसं धरतोय. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. शिवाय, स्वतःच सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागत नाही. मंडळ म्हणेल, फॉर्म तुम्हीच भरून दिला होता. त्यावर तुमचं उत्तर असं की फॉर्म छापील पुस्तिकेसाठी होता, इंटरनेटसाठी नव्हता. मला हे म्हणणं रास्त वाटतं. तुमच्याकडे फॉर्मची झेरॉक्स असेल तर त्यातली अट एकदा वाचा.

बाबांच्या फोनचं वेगळं आहे. ते फोन गुगलवरून येत असतील असं धरून चालू नका. छापील पुस्तिका वधू-वर सूचक केंद्रवाल्यांच्या कपाटात असतात, त्यांचे फोटो व्हॉट्सअॅप गटांत फिरतात, आणि तिथून काढायला कोणताही अर्ज नाही. पुढचा फोन आला की बाबांना चिडण्याआधी एवढं विचारायला सांगा, ‘नंबर कुठून मिळाला?’ उत्तरात एखाद्या वेबसाइटचं नाव आलं, तर त्या पत्त्यासाठी वरचं सगळं पुन्हा करा. गटाचं नाव आलं, तर त्या गटाच्या अॅडमिनचा नंबर त्याच माणसाकडून मागून घ्या.