कबुलीजबाब, कोयता आणि वार्ताहर

प्रश्न : पोलीस आणि पत्रकार यांच्यावरील एका दूरचित्रवाणी मालिकेचा भाग नुकताच पाहिला. खाडीत एका ट्रॉलरमालकाचे प्रेत सापडते आणि तालुक्याची वार्ताहर तरुणी ठाण्यातूनच मिळालेली माहिती छापते. निरीक्षक तिला रात्री ठाण्यात बोलावून ‘नाव सांगा, नाहीतर आत बसवीन’ असे दरडावतो, तर ‘स्रोत सांगण्याची सक्ती कायद्याने करता येत नाही’ असे तिचा संपादक ठणकावतो. शेवटी संशयित खलाशी ठाण्यातच गुन्हा कबूल करतो, खाडीतला कोयता दाखवतो आणि प्रकरण मिटते. माझा पुतण्या एका दैनिकाचा वार्ताहर आहे, म्हणून विचारतो : प्रत्यक्षात असे घडते का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : मालिकेने जेथे पडदा पाडला, तेथेच खटल्याचा सर्वांत कच्चा दुवा आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ती कायम आहे. खलाशाला खरोखरच कबुली द्यायची असेल, तर ती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. आणि तेथेही ‘कबुली देण्याचे बंधन तुमच्यावर नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकेल’ अशी समज त्याला आधी दिली जाते.

कोयत्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला तेवढाच भाग न्यायालयात ग्राह्य धरला जातो. ‘कोयता जेटीच्या खांबाजवळ पाण्यात टाकला’ हे त्याचे वाक्य टिकेल. ‘त्याच कोयत्याने मालकाला मारले’ हे टिकणार नाही. ही रेघ स्वातंत्र्यापूर्वीच प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश राजवटीतील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टया खटल्यात आखून दिलेली आहे.

मालिकेतील तो कोयता भर रात्री एकटा हवालदार बाहेर काढतो की काय, हे आपण लिहिलेले नाही. पण अशा मालिका पाहण्याची सवय असल्याने मला तशी शंका येते. खाडीकाठी राहणाऱ्याला ठाऊक असते की आधी सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ पाहावी लागते, चिखलात बुडी मारणारा माणूस शोधावा लागतो आणि त्यानंतर पंचांसमक्ष वस्तू मोहोरबंद करून पंचनामा लिहावा लागतो. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रणही करावे लागते. बचाव पक्षाचा वकील नेमके येथेच बोट ठेवतो : जागा सर्वांना उघडी होती का, पंच पोलिसांच्या ओळखीचे होते का, खाऱ्या पाण्यात पडून राहिलेल्या पात्यावर रक्ताचा अंश तरी मिळाला का? हत्यार सापडले म्हणजे खून सिद्ध झाला, असे होत नाही.

आता वार्ताहराविषयी. तपास अधिकारी कोणालाही साक्षीदार म्हणून बोलावू शकतो, पण त्यासाठी लेखी आदेश लागतो. आणि संहितेच्या कलम १७९ नुसार स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे रात्रीचे ते बोलावणेच बेकायदा ठरते. स्रोत सांगत नाही एवढ्यावरून तिला मर्जीप्रमाणे कोठडीत बसवण्याचा अधिकारही निरीक्षकाला नाही.

संपादकाचे वाक्य मात्र अर्धेच खरे आहे. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५ मध्ये स्रोत उघड करण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले आहे खरे, परंतु ते संरक्षण वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या या कौन्सिलपुढील कामकाजापुरते आहे. विधी आयोगाने १९८३ च्या ९३ व्या अहवालात न्यायालयातही असे संरक्षण असावे, अशी शिफारस केली होती. नव्या साक्ष्य अधिनियमातही ती उतरलेली नाही. न्यायाधीशाने विचारले, तर ‘मी पत्रकार आहे’ एवढे उत्तर पुरत नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्ले आपल्याच तालुक्यात आहे; १८३२ साली ‘दर्पण’ निघाले, त्याला दोनशे वर्षे होत आली, तरी हा प्रश्न लोंबकळतच आहे.

पुतण्याला एवढे सांगा : दूरध्वनीवरून बोलावणे आले, तर लेखी आदेश मागावा, त्यातील कलम व आपल्याला साक्षीदार म्हटले आहे की आरोपी, हे वाचावे आणि त्याची प्रत दैनिकाच्या कार्यालयाकडे पाठवावी. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही करण्याचे बंधन नसते, हेही त्याने लक्षात ठेवावे.